माणसांच्या मागची भिंत

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा पहिला फोटो मी नववीत असताना काढला. कॅमेरा बाबांचा, याशिकाचा, छातीशी धरून वरून आत बघायचा. एका रोलवर १२ फोटो यायचे. त्यातले दोन त्यांनी मला दिले होते, उरलेले दहा शाळेच्या सहलीचे. मेहकरला परत आल्यावर आमच्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये प्रिंट काढला, तर देऊळ राखेनं सारवल्यासारखं दिसत होतं. बाबांनी दुसरा कागद घेतला, एनलार्जरखाली उजेड थोडा जास्त वेळ धरला, आणि डेव्हलपरच्या ट्रेमध्ये दगड हळूहळू काळा होत गेला. "हा आपला गोटा हाय," ते म्हणाले. "याले काळाच ठेवा लागते."

आज कॅमेरे बदलले, पण तो धडा तसाच लागू आहे. कॅमेऱ्यातलं मीटर जगाला मध्यम राखाडी समजून चालतं. समोर काळा बेसॉल्ट आला की त्याला वाटतं इथे अंधार आहे, म्हणून ते उजेड वाढवतं आणि दगडाचा रंग उडतो. आमच्या जिल्ह्यातली जुनी देवळं, बारवा, कोट बहुतेक याच दगडाचे. मी मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी उजेड घेतो. सावलीतला भाग त्यामुळे गडप होतो असं नव्या मुलांना वाटतं. होऊ द्यावा. हेमाडपंती देवळात सावली हीसुद्धा बांधणाऱ्यानं हिशेबात धरलेली असते.

दैत्यसूदनाचं तळविधान ताऱ्यासारखं आहे. बाहेरची भिंत सरळ जात नाही, ती कोन करत आत-बाहेर वळते. हे वाचून मला बरीच वर्षं माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला एका एप्रिलमध्ये, सकाळी साडेसहापासून साडेअकरापर्यंत तिथेच बसून राहिलो तेव्हा. भिंतीच्या प्रत्येक कोनावर ऊन वेगळ्या वेळी येतं. जिथे ते अगदी तिरपं, भिंतीला घासून जातं, तिथल्या मूर्ती उठून उभ्या राहतात: नाकाची धार, कमरेची मेखला, हातातली तुटकी वस्तू. मोजकी मिनिटं हे चालतं. मग ऊन समोरून येतं आणि तीच मूर्ती सपाट होते, तोवर शेजारच्या कोनाची पाळी आलेली असते. म्हणजे देवळाला प्रदक्षिणा भाविकांआधी सूर्य घालतो, आणि फोटोग्राफरला त्याच्या मागून चालावं लागतं. उत्तरेच्या भिंतीचं तर आणखी अवघड. तिच्यावर तिरपं ऊन येतं ते उन्हाळ्याच्या महिन्यांत, सकाळी आणि संध्याकाळी. जूनमध्ये ढग आले की पुढच्या वर्षाची वाट बघायची. उत्तरेच्या भिंतीचे माझ्या मनासारखे चार फोटो आहेत आणि त्यांना सहा उन्हाळे लागले.

आतलं काम वेगळं. गाभाऱ्यापुढच्या मंडपात डोळे स्थिरावायलाच पाच मिनिटं जातात. छतावर पुराणातले प्रसंग कोरलेले आहेत आणि ते बघायला मान मोडते. संरक्षित स्मारकात स्टँड लावायचा तर परवानगी हवी, ती दर वेळी कुठून आणणार? मी जमिनीवर उताणा झोपतो, कॅमेरा छातीवर ठेवतो, श्वास सोडतो आणि श्वास घेण्याआधी शटर दाबतो. एकदा एक आजी दर्शनाला आल्या होत्या. मला तसं पडलेलं पाहून घाबरल्या. "काहून बाप्पा, चक्कर आली का?" मी वर बोट दाखवलं. त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "साठ वर्सं येऊन राह्यली मी इथं," म्हणाल्या, "वर कधी पाह्यलंच नाई." मग त्या माझ्या शेजारी बसून छत बघत राहिल्या. त्यांच्यासारखे कित्येक जण त्या छताखालून नमस्कार करून निघून जातात. माझ्या कामाचा उपयोग काय असं कुणी विचारलं, तर मला त्या आजी आठवतात.

सिंदखेड राजाला नियम उलटे होतात. फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात शिकवतात की भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. इथल्या पुतळा बारवेला मात्र भर दुपारच लागते. बारव म्हणजे जमिनीत खोल उतरलेली वास्तू. सकाळ-संध्याकाळचं ऊन वरच्या पायऱ्यांवरच थांबतं, आणि हिवाळ्यात तर दुपारचं ऊनही तळाला जात नाही, कारण सूर्य दक्षिणेला कललेला असतो. आमच्या अक्षांशावर सूर्य अगदी डोक्यावर येतो तो २० मेच्या आसपास, शून्य सावलीच्या दिवशी, आणि घड्याळात तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झालेली असतात. त्या दिवसांत बारवेच्या खालच्या थरांतल्या मूर्तींपर्यंत उजेड पोचतो. खालचं पाणी किंवा ओल असेल तर तिच्यावरून तो परत वर उसळतो आणि सावलीतल्या बाजूही उजळतात. पारा तेव्हा बेचाळीसच्या पुढे असतो. कॅमेऱ्याचं अंग तापतं, म्हणून मी ओलं फडकं जवळ ठेवतो. मला वाटतं, बारव बांधणाऱ्यांना हे ऊन नक्की ठाऊक असणार. पाणी सगळ्यात खाली जातं ते याच महिन्यात, म्हणजे माणसं सगळ्यात खाली उतरणार तीही याच महिन्यात.

सिंदखेड राजा बहुतेकांना १२ जानेवारीचं माहीत आहे. जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये इथल्या लखुजी जाधवरावांच्या राजवाड्यात झाला, आणि त्या दिवशी इथे माणसांचा पूर येतो. मी त्या दिवशीही जातो, पण तो फोटो माणसांचा असतो. गावाचा फोटो काढायला साधा मंगळवार-बुधवार बरा. राजवाड्याचं प्रवेशद्वार, रंगमहाल, नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही देवळं, मोती तलावाचा बांध, आणि अपुरा राहिलेला काळा कोट. काळ्या कोटाच्या तटावरून मला नेहमी वाटतं की एका मोठ्या घराण्याचा मनसुबा इथे अर्ध्यावर थांबला. १६२९ मध्ये लखुजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहाच्या दरबारात मारले गेले. त्यांची समाधी गावातच आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आता इटलीचं सांगायला हवं, कारण या कामाकडे बघण्याची माझी रीत तिथे बदलली.

माझी भाची मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशिल्प शिकत होती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी तिच्याकडे बारा दिवस गेलो. व्हेनिस, वेरोना, बोलोन्या, पादोवा अशी गावं पाहिली. तिथे माझा हात पहिले दोन दिवस चालेना. व्हेनिसच्या इमारतींना इस्त्रियाचा पांढरा चुनखडी दगड, त्यात पो नदीच्या खोऱ्यातलं धुकं. मीटर पांढऱ्याला घाबरून उजेड कमी करत होतं आणि मी सवयीनं आणखी एक स्टॉप कमी करत होतो. सगळं मळकट येत होतं. तिसऱ्या दिवशी बोटं उलटी फिरवायला शिकलो. वेरोनाच्या रोमन रंगमंडपाचा दगड गुलाबी, बोलोन्या विटेचं, तांबडं. त्या गावात रस्त्याच्या कडेनं कमानींचे ओटे मैलोन्‌मैल चालतात. पाऊस पडत असताना मी छत्री न उघडता अर्धं गाव फिरलो. आपल्याकडच्या जुन्या पेठेतल्या पडव्यांचीच ती थोरली भावंडं. ती जपली, म्हणून अजून त्यांच्याखालून माणसं चालतात.

पण मनात घर केलं ते पादोवानं. भाचीनं आग्रह धरला, "मामा, इथे दोन दिवस दे." तिथे जोत्तोनं १३०५ च्या सुमारास रंगवून पुरं केलेलं एक छोटं चॅपेल आहे, स्क्रोवेन्यी कुटुंबाचं. पंचवीस-पंचवीस माणसांना आत सोडतात. त्याआधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, म्हणजे अंगावरची धूळ आणि दमटपणा आत जाऊ नये, आणि मग आत पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांतली पहिली दहा मी कॅमेरा खांद्यावरच ठेवला. या चित्रांचे फोटो १८६० च्या दशकात कार्लो नाया या व्हेनिसच्या फोटोग्राफरनं काढले होते. त्याचा स्टुडिओ होता, तो फोटो विकायचा. म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस.

चॅपेलला लागूनच एरेमितानी हे मोठं चर्च आहे. त्यात ओवेतारी नावाच्या एका दालनाच्या भिंतींवर मांतेन्यानं पंधराव्या शतकात चित्रं काढली होती. ११ मार्च १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेला बॉम्ब त्यावर पडला. भिंती कोसळल्या, चित्रांचा चुरा झाला. लोकांनी तो चुरा गोळा केला. ऐंशी हजारांहून जास्त तुकडे, कित्येक नखाएवढे. ते खोक्यांत भरून ठेवले. कुठला तुकडा कुठला, हे माणसाच्या डोळ्याला कळणं शक्य नव्हतं. मग पुढे पादोवा विद्यापीठातल्या लोकांनी संगणकाला कामाला लावलं. बॉम्ब पडण्याआधी कुणीकुणी या भिंतींचे कृष्णधवल फोटो काढून ठेवले होते. एकेका तुकड्याचं चित्र त्या फोटोंशी ताडून बघून त्याची जागा शोधली. २००६ मध्ये ते तुकडे परत भिंतीवर चढले. आज तिथे उभं राहिलं की समोर राखाडी, मोठा केलेला जुना फोटो दिसतो, आणि त्यावर मधूनमधून खरे रंगीत तुकडे: एक गुडघा, घोड्याचा कान, निळ्या आभाळाची पट्टी. मूळ चित्राचा अगदी थोडा भाग वाचला आहे. बाकी सगळं फोटो सांभाळून धरतो.

मी तिथल्या बाकावर बसलो आणि मला घाम फुटला.

कारण असं. २००५ मध्ये आम्ही स्टुडिओ पूर्ण डिजिटल केला. बाबा तोवर थकले होते. माळ्यावर त्यांच्या निगेटिव्हच्या सतरा पेट्या होत्या. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, सहली, यात्रा. एक माणूस सायकलवर फिरायचा, फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांसाठी जुनी निगेटिव्ह आणि एक्स-रे किलोवर घेणारा. मी त्याला त्या पेट्या दिल्या. किती पैसे आले तेही आता आठवत नाही. बाबा दारात खुर्चीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, लोकांची लग्नं आपल्याकडे ठेवून काय करायचं. पादोवाच्या त्या दालनात लक्षात आलं की त्या लग्नांच्या, त्या सहलींच्या मागे भिंती होत्या. राजवाड्याच्या, दैत्यसूदनाच्या, मेहकरच्या घाटाच्या. चाळीस वर्षांत त्या कशा होत्या, कधी झाड उगवलं, कधी चिरा निखळला, कधी कुणी रंग फासला, हे सगळं सतरा पेट्यांत होतं.

परत आल्यावर माळा उचकला. बिस्किटाच्या एका डब्यात चाळीसेक छोटे प्रिंट सापडले, बाबांनी नमुना म्हणून ठेवलेले. त्यातला एक मी रोज बघतो. राजवाड्याच्या दरवाज्यापुढे दोन वेण्या घातलेल्या मुली तीन ओळींत बसल्या आहेत. मागे गुरुजी. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात पेन्सिलनं: सिंदखेड, सहल, जाने. १९७४. मी भिंग लावून मुलींच्या मागे बघतो. कमानीच्या वरच्या फटीत पिंपळाचं रोप आहे. उजव्या हाताला बैलगाडीचं चाक दिसतं. गिलाव्याचा एक पट्टा अजून धरून आहे. मुली हसताहेत आणि त्यांच्या खांद्यांमधून चारशे वर्षांची भिंत दिसते आहे. बाबांना भिंतीचा फोटो काढायचाच नव्हता. म्हणून तर तो इतका खरा आला.

तेव्हापासून माझं काम बदललं. आधी मी विजेचा खांब टाळायचो, तारा टाळायचो, पत्र्याची टपरी दिसू नये म्हणून गुडघ्यावर बसायचो. आता एक फोटो माझ्या आवडीचा काढतो, तिरप्या उन्हातला, आणि त्याच जागी एक असा, ज्यात सगळं येतं: खांब, टपरी, नवा चुना, कुणी कोरलेलं नाव, दोरीवर वाळणारी गोधडी. वहीत लिहितो: उंबऱ्यापासून किती पावलं, कॅमेरा कंबरेला की डोळ्याला, कुठली लेन्स, किती वाजता. पुढच्या वर्षी तिथेच उभं राहायचं. कोपऱ्यात मापाची पट्टी ठेवायची. हे मी उत्खनन करणाऱ्यांकडून उचललं. त्यांच्या प्रत्येक फोटोत एक पट्टी आणि उत्तर दाखवणारा बाण असतो. पट्टी नसेल तर पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला चिरा हाताएवढा होता की पुरुषभर, ते कळत नाही.

या शिस्तीची गरज किती आहे हे २०२४ मध्ये सिंदखेड राजातच दिसलं. लखुजी जाधवरावांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व विभागाचं जतनाचं काम चालू होतं. दगडांची रांग दिसली, खणत गेले तर शिवमंदिराचा पाया निघाला, आणि आणखी खाली शेषशायी विष्णूची मूर्ती. सुमारे १.७० मीटर लांब, १ मीटर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, पीठावर समुद्रमंथन. आणि दगड आमचा काळा बेसॉल्ट नव्हे, मऊ क्लोराइट शिस्ट, दक्षिणेतल्या होयसळ देवळांत वापरतात तसला. या जिल्ह्याची जमीन अशी अधूनमधून देते. मेहकरला १८८८ मध्ये खोदकामातच शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली होती. सिंदखेडची बातमी ऐकून मी माझ्याकडचे समाधीचे सगळे फोटो उघडले. वीस वर्षांत शंभरावर फोटो. वास्तूच्या एकाही फोटोत ती जमीन नीट नव्हती. प्रत्येक वेळी मी पायाखाली न बघता कॅमेरा वर, वास्तूकडे वळवला होता. जमीन दिसली ती एकाच फोटोत, एका नवरा-नवरीच्या, जे लग्नानंतर तिथे पाया पडायला आले होते. नवरीच्या शालूच्या काठाशी मातीतून वर आलेला घडीव दगडाचा कोपरा होता. तो त्याच मंदिराचा होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण तो दगड तिथे होता याचा पुरावा तेवढाच.

लोणारबद्दल एक गोष्ट बोलायची राहिली. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारेपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. त्या आठवड्यात प्रत्येक मोबाइलवर सरोवराचे फोटो होते, आणि प्रत्येकात रंग वेगळा: कुठे रूह-अफजा, कुठे जांभळा. माणसांना रंग वाढवायचा मोह आवरला नाही. मी काठावरून फोटो काढताना चौकटीत एक पांढरा कागद धरला होता, म्हणजे नंतर कागद पांढरा दिसेपर्यंत रंग दुरुस्त करता येतो. माझा फोटो सगळ्यात फिका आहे. आणि माझ्या मते सरोवराचा त्या दिवशीचा रंग तोच आहे. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्याच्या काठावरची आणि पोटातली वाघ महादेव, मोर महादेव, रामगया, कमळजा ही देवळं, यांना आपल्या रंगाची मदत नको आहे.

लोणारचं दैत्यसूदन हेन्री कझिन्सच्या १९३१ च्या दख्खनमधल्या मध्ययुगीन देवळांवरच्या पुस्तकात आहे. सरकारी अधिकारी होता तो, त्याच्याकडे माणसं होती, वेळ होता. पण सगळी गावं त्याच्या वाट्याला आली नाहीत, आणि आलेल्या गावांतल्या गल्ल्या, वाडे, घाट, वेशी यांच्याकडे त्यानं पाहिलं नसणार. ते सगळं तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंत आहे. रोहिणखेडच्या मशिदीपुढे उभे आजोबा, देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत फुगा धरलेली आत्या, साखरखेर्ड्याच्या वेशीत थांबलेली वरात. त्या फोटोंत तुम्ही आजवर माणसं पाहिलीत.

म्हणून मागणं एवढंच आहे. घर आवरताना, वाडा पाडताना, वाटणी करताना जुने अल्बम निघाले तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा माणसांच्या मागे बघा. मागे गावाचं काही दिसत असेल तर तो फोटो वेगळा काढा आणि पाठीवर लिहा: कुठे, कधी, कोण. साल आठवत नसेल तर "मोठ्या काकांच्या लग्नाआधी" एवढं लिहिलं तरी चालेल, हिशेब लावता येतो. पण पेन्सिलनं लिहा, हलक्या हातानं. शाईच्या पेनानं लिहू नका. दमट हवेत शाई कागदातून पुढच्या बाजूला उतरते.